१९६३ सालचा ट्रेलर, आतलं काम आणि मिसळणाचा डबा

केस अशी आहे. मिशिगनमध्ये कलामाझूजवळ राहणारी माझी मैत्रीण, तिचा नवरा, त्यांची सहा वर्षांची मुलगी, आणि पुण्याहून सहा महिन्यांसाठी आलेले सासू-सासरे. या कुटुंबाने १९६३ सालचा एक सोळा फुटी ट्रॅव्हल ट्रेलर, म्हणजे गाडीमागे जोडून न्यायचं छोटं घर, २,००० डॉलरला घेतला आणि उन्हाळा संपायच्या आत तो आतून राहण्यासारखा करायचं ठरवलं. मी इंटिरियरचं काम करते त्यामुळे आतली सगळी आखणी माझ्याकडे आली. सासरे म्हणजे काका, दापोडीच्या एसटी वर्कशॉपमध्ये बॉडी सेक्शनला आयुष्य घालवून रिटायर झालेले, आणि या कामाची दिशा खरं सांगायचं तर त्यांच्यामुळे सुरुवातीलाच बरोबर लागली.

हे सविस्तर लिहितेय कारण जुन्या ट्रेलरच्या इंटिरियरबद्दल जे फोटो फिरतात त्यात पांढऱ्या भिंती, छोटे दिवे, उशा, एक झाडाची कुंडी एवढंच असतं, आणि ते बघून लोक रंगाचा डबा घेऊनच सुरुवात करतात. या प्रकारच्या ट्रेलरचं आतलं काम बाहेरच्या पत्र्यापासून सुरू करावं लागतं, आणि आत काय कुठे ठेवायचं हे दिसण्यावरून नाही तर वजनावरून ठरतं. या दोन गोष्टी आमच्या केसमध्ये अगदी स्वच्छ दिसल्या.

ट्रेलर कसला होता

बाजूने अंडाकृती दिसणारे, हॅमच्या चपट्या डब्याच्या आकाराचे हे छोटे ट्रेलर, त्यांना इकडे कॅन्ड हॅमच म्हणतात. पन्नास-साठच्या दशकात असे ट्रेलर बनवणाऱ्या अमेरिकेत ढीगभर कंपन्या होत्या, मागे दोन पत्र्याचे पंख असलेला शास्ता त्यातला सगळ्यात ओळखीचा. आमचा ट्रेलर एका कधीच बंद पडलेल्या छोट्या कंपनीचा, पंख नसलेला. एअरस्ट्रीम या प्रसिद्ध कंपनीचे चकचकीत ट्रेलर आणि हे यात मोठा फरक आहे तो आधी लक्षात घ्या. एअरस्ट्रीमचा सांगाडा ॲल्युमिनियमच्या फासळ्यांचा आणि त्यावर रिव्हेट मारलेला पत्रा, म्हणजे विमानासारखं बांधकाम. कॅन्ड हॅममध्ये बाहेर ॲल्युमिनियमचा पातळ पत्रा असला तरी आत सगळा सांगाडा लाकडाचा, पाऊण इंच जाडीच्या पट्ट्यांचा, आणि आतून १/८ इंचाचा बर्च प्लायवूड (बर्च हे फिक्या रंगाचं लाकूड). पत्रा फक्त पाऊस अडवतो. भार लाकूड आणि प्लाय मिळून घेतात, म्हणजे तुम्ही ज्याला आतलं पॅनलिंग म्हणता ते नुसतं शोभेचं नाहीये, ती भिंतच आहे.

आधीच्या मालकांनी आतून सगळीकडे पांढरा ऑइल पेंट मारला होता, भिंती, छत, कपाटं, बिजागऱ्या, खिडक्यांच्या कड्यासुद्धा. दिसायला उजेड छान. पण मागच्या खिडकीखाली डाव्या कोपऱ्यात बोटाने दाबलं की प्लाय बिस्किटासारखा आत जायचा. ओल मोजायचं छोटं मीटर लावलं तर तिथे २८ टक्के, आणि लाकडात २० टक्क्यांच्या वर ओल टिकून राहिली की कुजवणारी बुरशी धरतेच. पुढच्या खिडकीखाली तेच, छतावरच्या व्हेंटच्या, म्हणजे हवा जायच्या झडपेच्या भोवती तेच. मैत्रिणीचा विचार असा होता की या जागांवर पातळ चिकटवायची पॅनल लावून टाकू, वरून रंग. तिचं म्हणणं अगदीच चूक नव्हतं, वेळ कमी होता आणि सासू-सासऱ्यांसोबत एक तरी ट्रिप करायची होती.

तेव्हा काका म्हणाले, "अगं, गाडी जिथे गळते तिथे ओल दिसत नाही, आणि ओल दिसते तिथे गाडी गळत नाही. आधी पत्रा उतरवा, मग बोलू."

आणि तसंच निघालं. मागच्या कोपऱ्यातलं पाणी खिडकीतून येतच नव्हतं. छप्पर आणि बाजूची भिंत जिथे मिळतात त्या कडेने ॲल्युमिनियमची एक लांब पट्टी स्क्रूने बसवलेली असते, तिच्याखालची साठ वर्षं जुनी पुट्टी वाळून तिच्या भेगा झालेल्या, कोणीतरी वरून सिलिकॉन फासलेला. वर फासलेला सिलिकॉन पाणी थांबवत नाही, उलट आत गेलेलं पाणी बाहेर यायची वाट बंद करतो, आणि पुढे त्यावर ना रंग धरत ना दुसरा सिलिकॉन नीट चिकटत, खरवडून काढायला जीव जातो. वरून शिरलेलं पाणी पट्टीच्या आतून, लाकडाच्या कडेने उतरत खालच्या कोपऱ्यात साचत होतं. वर चिकटपॅनल लावलं असतं तर त्याच्या मागे हे सगळं तसंच चालू राहिलं असतं.

आतून सुरू करता येत नाही याचं कारण

हे ट्रेलर कारखान्यात आतून बाहेर बांधले जायचे. आधी चासी, त्यावर फ्लोअर, मग भिंतींची फ्रेम आणि त्यांचा आतला प्लाय, मग कपाटं, ओटा, बाकडी, सगळं उघड्यावरच बसवलेलं, मग छत, वायरिंग, पातळ ग्लासवूल, आणि सगळ्यात शेवटी पत्रा. याचा अर्थ कपाटं ज्या स्क्रू आणि स्टेपलने धरलेली आहेत ते बाहेरून, प्लायच्या मागून मारलेले असतात आणि त्यावर पत्रा. आत उभं राहून कपाट काढायला गेलात तर ते निघत नाही, तुटतं. बऱ्याच ट्रेलरची जुनी फर्निचर अशीच फोडून कचऱ्यात जातात आणि मग लोक म्हणतात जुनं काही वाचवण्यासारखं नव्हतं.

पत्रा काढायला आम्हाला वाटलं होतं त्यापेक्षा खूपच कमी कष्ट पडले. कडेच्या पट्ट्या, खिडक्या, दार, दिवे काढले की पत्र्याचे तुकडे एकेक करून सुटतात, प्रत्येकावर मार्करने नंबर आणि बाण, आणि भरपूर फोटो. काकांनी एक नियम घातला की एका वेळी एकच बाजू उघडायची आणि त्याआधी आतून आडव्या-तिरप्या पट्ट्या मारून आकार धरून ठेवायचा, कारण सगळ्या बाजू एकदम उघडल्या की लाकडी सांगाडा कुठेतरी एक इंच सरकतो आणि मग खिडकी, दार, पत्रा काहीच परत बसत नाही. कुजलेल्या फ्रेमचा जुना तुकडा टाकून द्यायचा नाही, तोच नव्या लाकडावर ठेवून आखायचा. मूळ कारखान्यात पट्ट्या नुसत्या टोकाला टोक लावून स्टेपल मारलेल्या होत्या, काकांनी नव्या सगळ्या सांध्यांना अर्धी-अर्धी खाच घेऊन ग्लू आणि स्क्रू केले. हे काम त्यांनी गॅरेजमध्ये स्टुलावर बसून केलं, गुण्या आणि पटाशी घेऊन, आणि नातीला प्रत्येक खाच नीट बसते का ते तपासायचं काम दिलं.

मूळ दुरुस्तीच्या बाबतीत माझं मत पक्कं आहे, कुजलेल्या लाकडात इपॉक्सी ओतून ते कडक करायची जी पद्धत आहे ती खिडकीच्या शोभेच्या चौकटीला ठीक, भार घेणाऱ्या पट्टीला नाही. लाकूड स्वस्त आहे, कापा आणि बदला.

आत जाण्याआधी दोन-तीन धोक्याच्या गोष्टी सांगायलाच हव्यात कारण उत्साहात लोक त्या सोडून देतात. भिंतीत उंदरांची घरटी होती, ती कोरडी झाडायची नाहीत, हंटाव्हायरसचा धोका असतो, एक भाग ब्लीच आणि नऊ भाग पाणी असं मारून भिजवायचं, थोडा वेळ थांबायचं, मग हातमोजे घालून ओल्यानेच पुसून काढायचं, मास्क लावून. दुसरं म्हणजे फ्लोअरवरच्या नऊ इंची चौकोनी टाइल्स. त्या काळच्या या मापाच्या टाइल्समध्ये आणि खालच्या काळ्या गोंदात ॲसबेस्टॉस असायची शक्यता मोठी असते. एक तुकडा लॅबला पाठवला, निघालं ॲसबेस्टॉस. टाइल्स धड असत्या तर त्यावरूनच नवीन फ्लोअरिंग टाकून दाबून ठेवलं असतं तरी चाललं असतं, पण खालचा प्लाय कडेने गेलेला होता, म्हणून लायसन्स असलेल्या लोकांकडून काढून घेतलं, यात पैसे गेले आणि ते जायलाच हवे होते. तिसरं, जुना रंग. अमेरिकेत घरगुती रंगातल्या शिशावर बंदी १९७८ साली आली, त्याआधीच्या वस्तूवरचा कोणताही रंग घासण्याआधी टेस्ट करायचा. आमचा पांढरा रंग नवा होता, त्यात शिसं निघालं नाही.

वायरिंगचं तर बोलायलाच नको. मूळ वायर दोन तारांची, अर्थिंगच नाही. धातूच्या पत्र्याने मढवलेल्या डब्याला अर्थिंग नसणं म्हणजे एखादी वायर कुठे पत्र्याला लागली तर अख्खा ट्रेलर जिवंत, ओल्या गवतावर उभं राहून दाराची कडी धरली की झटका. भिंती उघड्या होत्या तोवर सगळी वायरिंग नवीन केली, ३० अँपिअरचा इनलेट, छोटा ब्रेकर पॅनल, न्यूट्रल आणि अर्थ त्या पॅनलमध्ये वेगळे ठेवलेले, आणि अर्थ चासीला जोडलेला. हे लायसन्सवाल्या इलेक्ट्रिशियनकडून तपासून घेतलं. जुने गॅसचे भिंतीवरचे दिवे दिसायला सुंदर होते म्हणून ठेवले, त्यांची गॅसची नळी कायमची बंद केली आणि आत बारा व्होल्टचे एलईडी बसवले.

बर्च, लाख आणि तो रंग

आता खरं इंटिरियर. जुन्या पॅनलपैकी निम्म्याहून जास्त बदलावी लागली, पण कपाटांची दारं आणि त्यांच्या पुढच्या चौकटी आम्ही सगळ्या वाचवल्या. पांढरा रंग केमिकल स्ट्रिपरने काढला, हीट गन वापरली नाही, कारण १/८ इंच प्लायचा वरचा थर इतका पातळ असतो की गरमीने खालचा गोंद सुटून फुगे येतात. रंग निघाल्यावर पातळ पॉलिश पेपर हाताने, मशीन नाही, मशीनने दोन मिनिटांत वरचा थर पार होतो.

छताचा प्लाय वाकवायचं काम बघायला छान असतं. पातळ बर्च एका दिशेने सहज वळतो आणि दुसऱ्या दिशेने मोडतो, त्यामुळे शीट कुठून कापायची हे आधी हाताने वाकवून ठरवायचं. पुढच्या बाजूला वळण जास्त होतं तिथे बाहेरची बाजू ओल्या फडक्याने पुसून, रात्रभर पट्ट्यांनी बांधून ठेवली, सकाळी त्याने तो आकार धरलेला होता. दोन शीटचा सांधा नेहमी फ्रेमच्या पट्टीवर यायला हवा आणि वरून बर्चचीच बारीक पट्टी.

रंगासाठी आमच्याकडे एक सोन्यासारखा पुरावा होता. कपाटाच्या दारावरचा आरसा काढला तर त्याच्यामागे मूळ पॉलिश जसंच्या तसं, पांढऱ्या रंगाच्या ब्रशचा हात तिथे पोचलेलाच नव्हता. मधासारखा उबदार रंग, थोडा नारिंगीकडे झुकणारा. नवा बर्च अगदी फिका असतो, पिवळट पांढरा, आणि त्यावर नुसतं क्लिअर पॉलिश मारलं तर जुन्या दारांशेजारी तो परका दिसतो. लाकडाचा स्टेन लावला तर बर्चवर डाग-डाग उठतात, तो रंग सारखा पीत नाही. यावर इकडचे जुने ट्रेलर करणारे लोक वर्षानुवर्षं अंबर शेलॅक वापरतात, म्हणजे आपली लाख, स्पिरिटमध्ये विरघळवलेली. ही लाख मोठ्या प्रमाणावर झारखंड-छत्तीसगडच्या जंगलांतून, पळस, कुसुम, बोरीच्या झाडांवरच्या किड्यांकडून येते, आणि मिशिगनच्या गॅरेजमध्ये काका तिचा वास घेऊन एकदम खुलले, कारण त्यांच्या वडिलांच्या सुतारकामात हेच पॉलिश असायचं.

आम्ही बर्चच्या कापलेल्या तुकड्यांवर नमुने केले, एक हात, दोन हात, तीन हात, आणि आरशामागच्या जागेशेजारी धरून दिवसाच्या उजेडात बघितले. दोन हात अंबर आणि त्यावर एक हात क्लिअर, हे जवळपास तंतोतंत जुळलं. छताला आणि भिंतींना ब्रशने, आणि दारांना काकांनी कापसाचा बोळा मलमलच्या फडक्यात गुंडाळून, हलक्या हाताने गोल गोल. ब्रशने मारलेल्या दाराला चमक येते पण केसांच्या रेषा दिसतात, बोळ्याने मारलेल्या दारात लाकडाची नस खालून वर आल्यासारखी वाटते, हा फरक फोटोत कळत नाही, समोर उभं राहून कळतो. एक काळजी घ्यायची, दमट हवेत शेलॅक मारलं तर त्यावर पांढरट धुकं धरतं, म्हणून जुलैमध्ये कोरडी सकाळ बघूनच काम केलं, पावसाळी दिवस सोडून दिले.

शेलॅकचा मोठा गुण म्हणजे दुरुस्ती. ओरखडा आला तर नवीन हात जुन्या थरात विरघळून एकजीव होतो, घासून सगळं काढावं लागत नाही. दोष पण आहेत, गरम भांडं ठेवलं की डाग पडतो, अमोनियावाल्या क्लीनरने थर सुटतो, आणि साध्या शेलॅकमध्ये मेण असतं त्यामुळे त्यावर पॉलियुरेथेन नीट धरत नाही. म्हणून शेगडीच्या आसपासच्या दारांना मेण काढलेली लाख वापरली आणि त्यावर पाण्यातलं पॉलियुरेथेन. शेगडीच्या थेट मागे लाकूड उघडं ठेवलंच नाही, स्टीलचा पत्रा, मागे थोडी हवेची फट ठेवून.

पांढऱ्या रंगाबद्दल माझं मत इथेच सांगते. ज्यांना पांढरं आवडतं त्यांनी नवीन प्लायच्या नवीन कपाटांना बिनधास्त द्यावं. पण साठ वर्षांचा बर्च, ज्याचा रंग काळाने आणि पॉलिशने मिळून आलाय, त्यावर ऑइल पेंट मारणं हे नुकसान आहे, आणि उलटं फिरवायला किती मेहनत लागते ते आम्ही हाताने अनुभवलंय.

वजनाचा हिशोब

कस्टमाइझ करायच्या वेळी सगळ्यात जास्त चर्चा इथे झाली. मूळ मांडणी अशी होती, पुढे टेबल आणि दोन बाकडी, टेबल खाली केलं की पलंग. मधे एका बाजूला शेगडी, सिंक, बर्फाचं कपाट, समोर दार आणि उभं कपाट. मागे सरकवून पसरवायचा सोफा आणि त्याच्यावर टांगता बंक, म्हणजे झोपायची वरची फळी. बाथरूम नाही, पाण्याची टाकी नाही.

मैत्रिणीच्या नवऱ्याला २० गॅलनची पाण्याची टाकी हवी होती आणि ती मागच्या सोफ्याखाली ठेवायची होती, जागा तिथेच रिकामी दिसते म्हणून. आता हिशोब बघा. सामान भरलेला ट्रेलर माझ्या अंदाजाने २,४०० पौंड, त्यातले हिचवर, म्हणजे ट्रेलर गाडीला जोडतात त्या जागेवर, २९० पौंड, म्हणजे १२ टक्के. हिचवरचं वजन एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के असावं लागतं, त्याच्या खाली गेलं की ट्रेलर हायवेवर शेपटी हलवायला लागतो आणि ती हालचाल वाढत गेली तर गाडीसकट उलटतो. २० गॅलन पाणी म्हणजे सुमारे १६७ पौंड. टाकी एक्सलच्या पाच फूट मागे, आणि एक्सलपासून हिच दहा फूट पुढे, म्हणजे त्या टाकीमुळे हिचवरचे साधारण ८३ पौंड उचलले जाणार, राहिले २०७, आणि एकूण वजन आता २,५६७. आठ टक्के. सोफ्याखालची एक रिकामी जागा भरली आणि ट्रेलर धोक्यात गेला.

टाकी शेवटी एक्सलच्या बरोबर वर, ओट्याखाली आणि चाकाच्या खोक्याशेजारी बसवली, चपटी, त्या मापाची शोधून. मापाची टाकी, जुन्या पद्धतीच्या कड्या, खिडकीचे हँडल या सगळ्यासाठी एल्कहार्टला गेलो, इंडियानातलं हे गाव अमेरिकेच्या आरव्ही (राहण्यासारख्या गाड्या आणि ट्रेलर) धंद्याचं मुख्य ठिकाण, कलामाझूहून तासाभराच्या अंतरावर, आणि तिथे कारखान्यांतून उरलेला माल विकणारी मोठाली दुकानं आहेत. तिथल्या आरव्ही म्युझियममध्ये १९१३ सालचा अर्ल ट्रेलर आहे, काकांनी त्याच्या चाकांपासून छतापर्यंत सगळं बघितलं आणि आम्हाला निघायला उशीर झाला.

याच कारणासाठी घरच्या किचनसाठी मिळणारी तयार कपाटं ट्रेलरमध्ये बसवू नका. ती पाऊण इंच बोर्डाची असतात. मूळ कपाटं बारीक चौकट आणि पातळ प्लाय अशी बनवलेली, एका हाताने उचलली जातात, आणि भिंतीला चारही बाजूंनी बांधलेली असल्यामुळे भिंतीलाही आधार देतात. नवीन जे काही केलं ते त्याच पद्धतीने.

काकूंचे गुडघे आणि मैत्रिणीचा ओटा

मूळ जसंच्या तसं ठेवायचं असा आग्रह धरणारे लोक मला माहीत आहेत, त्यांच्याबद्दल आदर आहे, म्युझियमसाठी ते बरोबरच. पण इथे एक बाई होती जिचे गुडघे दुखतात आणि जिला रात्री एकदा उठावं लागतं. मागचा बंक काढला, त्यामुळे डोक्यावर मोकळं झालं. सोफ्याची बैठक मूळ पंधरा इंच उंच होती, काकूंना तिथून उठताच येत नव्हतं, ती गादीसकट एकोणीस इंच केली. काकू बसून-उठून दाखवायच्या आणि आम्ही खाली फळ्यांचे तुकडे घालत माप ठरवलं. खाली अखंड प्लायऐवजी पट्ट्या दिल्या, मधे फटी, कारण छोट्या बंद जागेत माणसांच्या श्वासाची वाफ गादीखाली जाऊन साचते आणि बुरशी धरते. उभ्या कपाटाच्या खालच्या अर्ध्या भागात पोर्टेबल टॉयलेट, सरकणाऱ्या फळीवर, दार मूळचंच. काकू सुरुवातीला संकोचल्या, पण कॅम्पग्राउंडवर रात्री टॉर्च घेऊन चालत जाण्यापेक्षा हे बरं हे त्यांनाच पटलं.

झोपायची व्यवस्था अशी ठरली, मागे काका-काकू, पुढच्या टेबलाच्या पलंगावर मैत्रीण आणि मुलगी, आणि मैत्रिणीचा नवरा बाहेर तंबूत, त्याला तसंही तेच आवडतं.

स्वयंपाकाचं बघायचं तर अमेरिकन कुटुंबाच्या गरजा आणि आपल्या यात फोडणीचा फरक आहे. बंद सोळा फुटात मोहरी-मिरचीची फोडणी दिली तर तो वास कापडात आणि लाकडात आठवडाभर राहतो. म्हणून दोन गोष्टी केल्या. छतावर चौदा बाय चौदा इंचाचं मूळ व्हेंट होतं, हे माप आजही तेच चालतं, त्यात बारा व्होल्टचा उलटसुलट फिरणारा पंखा बसवला. आणि दाराच्या बाजूला बाहेरच्या भिंतीवर घडी होणारा ओटा, तिथे वेगळी शेगडी, म्हणजे फोडण्या, तळण, मासे सगळं बाहेर. आतल्या शेगडीवर चहा, भात, कुकर. आतली शेगडी चालू असताना पंखा आणि एक खिडकी दोन्ही उघडी हवीत, आणि कार्बन मोनॉक्साइडचा आणि गॅसगळतीचा अलार्म लावलाय, त्याशिवाय मी काम हातावेगळं केलंच नसतं. गॅसची तांब्याची जुनी नळी पूर्ण बदलली, रेग्युलेटर नवा, आणि दाबाची टेस्ट माहितगार माणसाकडून.

ओट्याखालच्या वरच्या ड्रॉवरची उंची मी मैत्रिणीच्या मिसळणाच्या डब्यावरून ठरवली. डबा तीन इंच उंच, ड्रॉवर आतून साडेतीन, वरची अर्धा इंच जागा बोट घालायला, आणि तळाला रबरी चटई, नाहीतर पहिल्याच खड्ड्यात हळद-तिखट एक. ड्रॉवर बंद असताना झाकण वर उडायला जागाच राहत नाही. ओट्याला पन्नासच्या दशकातल्या बूमरँग नक्षीचं लॅमिनेट हवं होतं, ते आजही मिळतं, पण पांढऱ्यावर हळदीचा डाग जाता जात नाही म्हणून पिवळसर छटेतलं निवडलं. आणि पडलाच डाग तर पुसून खिडकीतल्या उन्हात राहू द्यायचा, हळदीचा रंग उन्हाने उडतो.

बर्फाच्या कपाटाचं बाहेरचं दार आणि कडी ठेवली, आत बारा व्होल्टचा कॉम्प्रेसर फ्रिज. बॅटरी १०० अँपिअर-तासांची लिथियम, ती पुढच्या बाकड्याखाली आत ठेवली, कारण शून्य सेल्सिअसच्या खाली ही बॅटरी चार्ज करता येत नाही आणि मिशिगनमध्ये एप्रिलच्या रात्रीसुद्धा तेवढी थंडी असते.

फ्लोअरला खरं लिनोलियम, जवसाचं तेल, कॉर्कचा भुसा आणि मागे ताग, ते त्या काळालाही शोभतं आणि पायाला गरम लागतं. गाद्यांच्या कव्हरला काकूंनी आणलेल्या सोलापुरी चादरी, चेन लावून, धुता येतील अशा. पडदे खणाचे, आतून अस्तर लावून कारण नुसता खण उन्हात विटतो. शेगडीजवळच्या खिडकीला पडदा दिला नाही.

पाणी मारून बघितलं

पत्रा परत चढवताना कडेच्या पट्ट्यांखाली सगळीकडे ब्युटाईल टेप, म्हणजे पाणी अडवणारी चिकट रबरी पट्टी, ती वाळत नाही, मऊ राहते, स्क्रू आवळल्यावर जादा बाहेर येते ती प्लास्टिकच्या पट्टीने कापून टाकायची. स्क्रू सगळे नवे, स्टेनलेसचे. मग काकांनी त्यांच्या भाषेत शॉवर टेस्ट केली. नळी घेऊन खालून वर, एका वेळी एकच सांधा, आत एक माणूस टॉर्च घेऊन. वरून सुरुवात केली तर पाणी सगळीकडून ओघळतं आणि गळतीची जागा सापडत नाही, हे त्यांनी मुलाला दोनदा सांगितलं. पुढच्या खिडकीच्या वरच्या कोपऱ्यात एक थेंब सापडला, चौकट काढून टेप परत लावली. ही टेस्ट आतली शेवटची पॅनल आणि पॉलिश व्हायच्या आधी करायची, आम्ही तशीच केली.

ट्रक स्टॉपच्या काट्यावर पाण्यासकट वजन भरलं २,५२० पौंड आणि हिचवर ३०५, म्हणजे १२ टक्के. पहिली ट्रिप मिशिगन सरोवराच्या काठी स्लीपिंग बेअर ड्यून्सला, ऑगस्टच्या शेवटी. एक रात्र धो-धो पाऊस झाला. सकाळी मीटर घेऊन सगळे कोपरे तपासले, ११ ते १३ टक्के. खिडक्यांच्या काचांवर आतून वाफ जमली होती, चार माणसं झोपल्यावर ती जमणारच, रात्री छतावरचा पंखा मंद चालू ठेवला की कमी होते.

एकच गोष्ट ठरलेली नाही, हीटर. मूळ गॅस फर्नेस आतून गंजलेली होती, तिच्या नळ्यांना भोक पडलं तर धूर आत येतो म्हणून ती काढून टाकली. नवी बसवायची तर नव्याने चढवलेल्या पत्र्याला भोक पाडावं लागणार आणि जागा जाणार टॉयलेटच्या फळीची. माझं म्हणणं आहे की सध्या कॅम्पग्राउंडच्या विजेवर १,५०० वॅटचा तेलाचा रेडिएटर पुरे, तो साडेबारा अँपिअर घेतो, ३० मध्ये आरामात बसतो. मैत्रिणीला ऑक्टोबरमध्ये वीज नसलेल्या जंगलातल्या जागी रंग बदललेली झाडं बघायला जायचंय, तिथे हे चालणार नाही हे तिचं म्हणणं खरं आहे. तोपर्यंत त्या कोपऱ्यात बारा व्होल्टची वायर आणि टोपी घालून बंद केलेली गॅसची नळी दोन्ही आणून ठेवलेत. काका-काकू पुढच्या मे महिन्यात परत येतील, तेव्हा फर्नेसचं माप घेऊन बघू.